हिरव्या तळ्याचा हिशेब किलोत मांडावा लागतो

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

तळे हिरवे पडले, वास येऊ लागला, मासे पोट वर करून तरंगू लागले, की त्याची बातमी येते. तिच्यात ऑक्सिजनचा उल्लेख असतो, कचऱ्याचा असतो, जलपर्णीचा असतो. पुढच्या बातमीत कारंजी बसवण्याची, जिवाणूंची पावडर सोडण्याची किंवा गाळ उपसण्याची योजना जाहीर झालेली असते. या दोन बातम्यांच्या मध्ये एक हिशेब यायला हवा आणि तोच येत नाही. तळ्यात वर्षाला फॉस्फरस किती किलो येतो, किती किलो सांडव्यावाटे बाहेर पडतो आणि तळाच्या गाळात किती साठून आहे? शेतीत ज्याला स्फुरद म्हणतात तोच हा. हा हिशेब हाती नसताना मंजूर झालेली योजना फसली तर नवल नाही; साधली तर मात्र तो योगायोग समजावा. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच असेल तर जुन्या प्रयोगांच्या परिच्छेदाला लावावी, मोजणीच्या भागाला नको.

फॉस्फरसच का, हे आधी सांगायला हवे. प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, शरीरात कार्बन, नत्र आणि फॉस्फरस साधारण ठरावीक प्रमाणात असतात, हे अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये समुद्राच्या पाण्यावरून दाखवले. अणूंच्या संख्येत ते प्रमाण १०६ : १६ : १ आहे, वजनात सुमारे ४१ : ७ : १. गोड्या पाण्यात ते थोडे मागेपुढे होते, पण हिशेबाला पुरते. म्हणजे १ ग्रॅम फॉस्फरस मिळाला की त्यावर शंभर-सव्वाशे ग्रॅम कोरडे शैवाल उभे राहू शकते. ते मरून कुजते तेव्हा सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन खाते. ३० अंश तापमानाच्या पाण्यात ऑक्सिजन मावतोच मुळी लिटरला साडेसात मिलिग्रॅम. तेव्हा या १ ग्रॅमपोटी साडेअठरा हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपू शकतो. बातमीत ज्याला ‘ऑक्सिजन कमी झाल्याने’ म्हटलेले असते, ते या साखळीचे शेवटचे टोक आहे.

कार्बन हवेतून मिळतो. नत्रही काही नील-हरित शैवाले हवेतून ओढून घेतात आणि जादा झालेला नत्र गाळातले जिवाणू वायू करून परत हवेत सोडतात. फॉस्फरसला असा वायुरूप मार्ग नाही. तो पाण्याबरोबर आत येतो. मग एक तर पाण्याबरोबर बाहेर जातो, नाही तर गाळात बसून राहतो. तळ्याचे सगळे दुखणे आणि सगळे उपचार या एका गोष्टीभोवती फिरतात.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात १९६८ पासून ‘एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया’ नावाने छोटी सरोवरे प्रयोगांसाठी राखलेली आहेत. तिथल्या २२६ क्रमांकाच्या सरोवराला १९७३ मध्ये मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नत्र घातले, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा जवळजवळ होता तसाच राहिला. डेव्हिड शिंडलर यांनी प्रसिद्ध केलेले त्याचे विमानातून काढलेले छायाचित्र या विषयातले सर्वांत गाजलेले चित्र असावे. २२७ क्रमांकाच्या सरोवराला १९६९ पासून फॉस्फरस आणि नत्र दिले, १९९० पासून नत्र पूर्ण बंद केले, तरी शैवाल येतच राहिले. नत्राची तूट नत्र बांधणारी शैवाले भरून काढत राहिली. इथे एक प्रामाणिक पुस्ती जोडली पाहिजे. चीनमधल्या ताई सरोवरासारख्या प्रचंड आणि उथळ तळ्यांत गाळातून फॉस्फरसचा पुरवठा इतका असतो, की उन्हाळ्यात तुटवडा नत्राचाच पडतो आणि नत्र वाढवले की मायक्रोसिस्टिस हे नील-हरित शैवाल वाढते. म्हणून नत्राकडे दुर्लक्ष करा असे कोणी म्हणत नाही. मात्र फॉस्फरस तसाच ठेवून नुसत्या नत्रावर वाढ आवरण्याची भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, कारण नत्र कमी पडले की बाजी बहुधा नील-हरित शैवालाच्याच हाती जाते.

आता आकडे. एकूण फॉस्फरस लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर तळे निर्मळ. १० ते ३५ मध्यम. ३५ ते १०० पोषकद्रव्यांनी लदलेले. १०० च्या वर अतिपोषित. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून आलेली ही वर्गवारी आजही वापरात आहे. लक्षात घ्या, हे मायक्रोग्रॅम आहेत. आणि नेमक्या इथेच तपासणी अहवालांत पहिली चूक होते. सांडपाण्यासाठी वापरतात ती पद्धत तळ्याच्या पाण्याला लावली आणि तिची मोजण्याची खालची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम असली, तर अहवालात ‘आढळला नाही’ असे छापून येते. ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. अतिपोषित तळेही या चाळणीतून ‘फॉस्फरस नाही’ म्हणून सुटते. मर्यादा निदान ५ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली नेणारी पद्धत मागावी.

दुसरी चूक याहून फसवी आहे. पुष्कळ अहवालांत फक्त ‘फॉस्फेट’ असते, म्हणजे गाळलेल्या पाण्यातला विरघळलेला भाग. शैवाल भरात असते तेव्हा तो भाग जवळजवळ शून्य दिसतो, कारण सगळा शैवालाच्या पोटात गेलेला असतो! तळे जितके हिरवे तितका अहवाल स्वच्छ, असा हा उलटा न्याय. मोजायचा तो एकूण फॉस्फरस : न गाळलेले पाणी घ्यायचे, परसल्फेट घालून दाबाखाली उकळून सगळा फॉस्फरस मोकळा करायचा, मग मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्लाने येणारा निळा रंग ८८० नॅनोमीटरवर वाचायचा. तिसरी चूक एककाची. ‘फॉस्फेट म्हणून’ दिलेला आकडा ‘फॉस्फरस म्हणून’ दिलेल्या आकड्याच्या ३.०७ पट असतो, ‘नायट्रेट म्हणून’ आणि ‘नत्र म्हणून’ यांत फरक ४.४३ पट. दोन अहवालांची तुलना करण्याआधी हे पाहिले नाही, तर एका कागदी फरकाने तळे सुधारले किंवा बिघडले असे जाहीर होते.

नमुन्याची बाटली साबणाने धुतलेली नको. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन शुद्ध पाण्याने खळबळलेली हवी. विरघळलेला फॉस्फेट मोजायचा असेल तर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काठावरच गाळावे, प्रयोगशाळेत नेऊन नव्हे, आणि दोन दिवसांच्या आत तपासावे. एकूण फॉस्फरसचा नमुना गंधकाम्लाने सामू २ च्या खाली आणून ४ अंशांवर ठेवला तर २८ दिवस टिकतो. पाणी काठावरून घेऊ नये. नील-हरित शैवालाच्या पेशींत हवेच्या पोकळ्या असतात. वारा पडला की पेशी वर तरंगतात आणि मंद झुळकीने एका काठाला साय धरते. त्या सायीत तळ्याच्या मधल्या पाण्याच्या कितीतरी पट शैवाल असते. ‘एका रात्रीत शेवाळ आले’ असे लिहिले जाते ते बहुधा हेच. आले काही नाही, होते ते वर आले. साय वेगळी तपासावी, पण ती विषासाठी. मायक्रोसिस्टिन-एलआर या विषाची पिण्याच्या पाण्यातली जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने तीव्र होते. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातल्या याच विषामुळे नळाचे पाणी पिण्यास बंदी घालावी लागली, तेव्हा उकळू नका असेही सांगावे लागले होते.

प्रयोगशाळा नसली तरी पाण्याची पारदर्शकता मोजायला एक तबकडी कामाची आहे. २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची सेकी तबकडी दोरीने सोडायची. सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्यायची. रॉबर्ट कार्लसन यांच्या १९७७ च्या पोषण-निर्देशांकानुसार १ मीटर पारदर्शकता, २० मायक्रोग्रॅम हरितद्रव्य आणि ४८ मायक्रोग्रॅम फॉस्फरस ही एकाच पायरीची, म्हणजे निर्देशांक ६० ची, तीन रूपे आहेत. दर १० ने निर्देशांक वाढला की पारदर्शकता निम्मी आणि फॉस्फरस दुप्पट. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर त्यातही माहिती असते. पारदर्शकता अर्धा मीटर, पण हरितद्रव्य ५ मायक्रोग्रॅमच असेल, तर पाणी मातीने गढूळ आहे, शैवालाने नव्हे; तिथे शैवालाचे उपाय करणे व्यर्थ. ऑक्सिजन मात्र सूर्योदयापूर्वी मोजावा. दुपारी हिरव्या तळ्यात तो संपृक्ततेच्या दीडपट-दुप्पटही भरतो आणि अहवाल उत्तम येतो. पहाटे तोच शून्याजवळ असू शकतो. त्याच दुपारी सामू ९ च्या पुढे गेलेला असतो. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का विषारी वायुरूपात असतो, सामू ९ ला सुमारे ३६ टक्के. मासे कधी गुदमरून मरतात तर कधी या अमोनियाने, आणि पहाटे की दुपारी हे नोंदवले तर कारण ओळखायला मोठी मदत होते.

पुढचा सगळा हिशेब एका नमुन्याच्या तळ्यावर करून दाखवतो : क्षेत्र १० हेक्टर, सरासरी खोली ३ मीटर, म्हणजे ३ लाख घनमीटर पाणी. त्यात एकच नाला येतो, सेकंदाला १० लिटर, आणि त्यात लिटरला ४ मिलिग्रॅम फॉस्फरस आहे. नाला काही मोठा नाही. तरी रोज ८ लाख ६४ हजार लिटर, म्हणजे दिवसाला साडेतीन किलो आणि वर्षाला सव्वा टन फॉस्फरस. नाल्यात ४ मिलिग्रॅम कुठून आले? माणसाच्या शरीरातून आणि धुण्याच्या पावडरीतून मिळून दरडोई दिवसाला दीड ते दोन ग्रॅम फॉस्फरस सांडपाण्यात जातो. नेहमीची जैविक प्रक्रिया, जी बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) छान उतरवते, ती फॉस्फरस फार तर पंचवीस-तीस टक्के काढते. त्यामुळे शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेले, बीओडी १० असलेले, नियमात बसणारे, काचेसारखे पाणीसुद्धा लिटरला ३ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे ३ ते ५ हजार मायक्रोग्रॅम फॉस्फरस घेऊन येते. ‘प्रक्रिया केलेले पाणी सोडून तलाव बारमाही भरलेला ठेवणार’ अशी घोषणा ऐकली की आम्हाला धडकी भरते ती यासाठी.

तळ्यात शेवटी किती फॉस्फरस राहील याचा अंदाज रिचर्ड व्होलेनवायडर यांच्या सूत्राने येतो. येणाऱ्या पाण्यातली सरासरी तीव्रता घ्यायची. पाणी तळ्यात किती वर्षे मुक्काम करते त्याचे वर्गमूळ काढून त्यात १ मिळवायचा. या बेरजेने तीव्रतेला भागायचे. आपल्या तळ्यात मुक्काम सुमारे एक वर्षाचा, तेव्हा भाजक २. पाण्यातली तीव्रता ४,००० भागिले २, म्हणजे २,००० मायक्रोग्रॅम. ३० मायक्रोग्रॅमचे तळे हवे असेल तर येणारे पाणी ६० मायक्रोग्रॅमचे हवे. नाला ९० टक्के सुधारला तरी तळे २०० वरच, म्हणजे अतिपोषितच राहील, आणि लोक म्हणतील की एवढा खर्च करून काही फरक पडला नाही. फरक पडलेला असतो, डोळ्यांना दिसत नसतो. शैवाल त्या पातळीला फॉस्फरसवर नव्हे, उजेडावर अडलेले असते.

शुद्धीकरण केंद्रातच ॲलम, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट, किंवा फेरिक क्लोराइड घालून फॉस्फरस बसवता येतो. १ किलो फॉस्फरसला हिशेबाने ०.८७ किलो ॲल्युमिनियम लागते. घन ॲलममध्ये ते ९ टक्के असते, आणि प्रत्यक्षात दुपटीने घालावे लागते. म्हणजे किलोमागे सुमारे २० किलो ॲलम, आपल्या नाल्याला रोज ७० किलो. एवढ्याने पाणी १ मिलिग्रॅमच्या खाली येते, ०.१ पर्यंत न्यायचे तर पुढे वाळूची गाळणी हवी. तरीही सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ते पाणी तळ्याला वळसा घालून खाली सोडणे. सिॲटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात १९४१ पासून दुय्यम प्रक्रिया केलेले सांडपाणीच जात होते; १९६३ ते १९६८ या काळात ते बाहेर वळवले. पारदर्शकता १ मीटरच्या आसपास होती, ती काही वर्षांत तिपटीने वाढली. डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी हा बदल वर्षानुवर्षे मोजून ठेवला आहे. शेतातून येणारा फॉस्फरस मात्र वेगळ्या चालीने येतो. तो मातीच्या कणांना चिकटून, वर्षातल्या मोजक्या मोठ्या पावसांत. महिन्यातून एकदा ठरल्या तारखेला नमुना घेणाऱ्याच्या हातून तोच निसटतो. पूर चढता असताना दर तासाला नमुना आणि त्याच वेळी प्रवाहाची उंची, असे मोजल्याखेरीज हा भाग कळत नाही.

नाला वळवूनही तळे सुधारले नाही, अशी उदाहरणेही तितकीच आहेत. स्वीडनमधल्या ट्रुमेन या उथळ सरोवरात जाणारे सांडपाणी १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंद केले. दहा वर्षे उलटली तरी ते हिरवेच राहिले. वॉशिंग्टन खोल, सरासरी ३३ मीटर. ट्रुमेन जेमतेम मीटरभर. उथळ तळ्यात गाळ आणि पाणी यांची देवघेव अखंड चालते.

ही देवघेव रसायनशास्त्रातली सुंदर गोष्ट आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. गाळाच्या वरच्या काही मिलिमीटरांत ऑक्सिजन असेपर्यंत लोह तांबूस, ऑक्सिडित रूपात असते आणि फॉस्फेटला घट्ट धरून ठेवते. ऑक्सिजन संपला की जिवाणू श्वसनासाठी तेच लोह वापरतात; ते विरघळणाऱ्या रूपात जाते आणि धरलेला फॉस्फेट सुटतो. आइनझेले यांनी १९३६ मध्ये आणि मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये हे मांडले. पुन्हा ऑक्सिजन आला तर लोह पुन्हा फॉस्फेट पकडते, पण लोह शिल्लक असेल तर. गाळात सल्फेट भरपूर असेल तर त्याचा सल्फाइड होतो, तो लोहाला काळ्या आयर्न सल्फाइडमध्ये अडकवून ठेवतो, आणि मग ऑक्सिजन देऊनही फॉस्फेट धरायला कोणी उरत नाही. सडक्या अंड्याचा वास आणि शाईसारखा काळा गाळ असला की हे घडलेले आहे असे समजावे. वजनाने लोह फॉस्फरसच्या १५ पटींहून जास्त असेल तर ऑक्सिजनयुक्त गाळ फॉस्फरस फारसा सोडत नाही, असा डेन्मार्कमधल्या उथळ सरोवरांचा अनुभव आहे. दुसरा मार्ग ऑक्सिजन असतानाही चालतो : दुपारी शैवालामुळे सामू ९ च्या वर गेला, की हायड्रॉक्साइड लोहावरची फॉस्फेटची जागा घेते. म्हणजे शैवालच आपले खत गाळातून सोडवून घेते.

उष्ण पाण्यात आणखी एक अडचण. पाण्याचे थर घनतेच्या फरकाने पडतात, आणि २५ व २६ अंशांच्या पाण्यातला घनतेचा फरक ४ व ५ अंशांतल्या फरकाच्या तीसपट आहे. त्यामुळे तीन-चार मीटरच्या तळ्यातही नुसत्या एक-दोन अंशांच्या फरकाने थर पडतो, तळाचा ऑक्सिजन काही दिवसांत संपतो आणि एखाद्या वादळी रात्री सगळे ढवळले जाते. सुटलेला फॉस्फरस वर, ऑक्सिजन खाली, आणि सकाळी मेलेले मासे. ऑक्सिजन नसलेला लदलेला गाळ चौरस मीटरला दिवसाला १० मिलिग्रॅम फॉस्फरस सहज सोडतो. आपल्या १० हेक्टरांत तो रोज १ किलो झाला. दोन महिन्यांत ६० किलो, म्हणजे पाण्यात लिटरला २०० मायक्रोग्रॅमची भर, नाल्याचा एक थेंब आत न येता.

आता उपाय एकेक करून या हिशेबाला लावून पाहा. कारंजे वरचे पाणी उडवते. ऑक्सिजन हवा असतो तळाला. लदलेला गाळ चौरस मीटरला दिवसाला १ ते २ ग्रॅम ऑक्सिजन खातो, आपल्या तळ्यात १०० ते २०० किलो. तळाशी बारीक बुडबुडे सोडणारी यंत्रणा या मापाने काढली आणि गाळात लोह पुरेसे असले तर उपयोग होतो. अर्धवट क्षमतेची यंत्रणा मात्र तळचे फॉस्फरसयुक्त पाणी वर आणते आणि शैवाल वाढवते. वीज गेली तर चार दिवसांत गाळ पूर्वपदावर. जिवाणूंची पावडर सेंद्रिय पदार्थ थोडा लवकर कुजवते, अमोनियाचे नायट्रेट करते. फॉस्फरस हे मूलद्रव्य आहे, ते कोणताही जिवाणू ‘खाऊन संपवत’ नाही. मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, टाकले की शैवाल मरते खरे, पण फुटलेल्या पेशींतून विष एकदम पाण्यात येते, कुजण्याने ऑक्सिजन कोसळतो, शैवाल खाणारे डॅफ्नियासारखे पाणकिडे तांब्याने मरतात आणि तांबे गाळात कायमचे राहते.

जलपर्णी काढण्यात तथ्य आहे, पण मापाचे भान हवे. ताज्या जलपर्णीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. एक टन उपसली तर हाती पाव किलोच्या आसपास फॉस्फरस लागतो. नाल्यातून रोज साडेतीन किलो येत असेल तर रोज १४ टन उपसली तर कुठे बरोबरी. आणि ती काठावरच टाकून ठेवली तर पहिल्या पावसात तिच्यातला फॉस्फरस परत पाण्यात.

गाळ काढणे ट्रुमेनला लागू पडले : १९७० आणि १९७१ मध्ये सुमारे मीटरभर गाळ शोषून काढला आणि सरोवर सुधारले. त्यामागे एक तपासणी होती, जी सहसा गाळली जाते. गाळाचा उभा नळीनमुना घेऊन त्याचे दर दोन-पाच सेंटिमीटरला काप करायचे आणि प्रत्येकात लोहाशी बांधलेला, सेंद्रिय आणि चुनखडीतला फॉस्फरस वेगळा मोजायचा. सुटू शकणारा फॉस्फरस ज्या खोलीवर संपतो तिथपर्यंत काढायचे. अर्ध्यावर थांबले तर खालचा तितकाच लदलेला थर उघडा पडतो. काढलेला गाळ निथळताना जे पाणी निघते त्यात फॉस्फरस ठासून असतो; ते ॲलमने बसवल्याशिवाय परत तळ्यात सोडू नये. यंत्राने कोरड्या तळ्यात खोदकाम करून ‘इतके हजार घनमीटर काढले’ म्हणणे हे साठवणक्षमतेचे काम आहे. पाण्याच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

गाळ जागेवरच बांधून टाकण्याचा मार्ग म्हणजे तळ्यात ॲलम. त्याचे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड ऑक्सिजन असो-नसो फॉस्फेट सोडत नाही, हा त्याचा लोहापेक्षा मोठा गुण. मात्रा पाण्यावरून नव्हे, गाळावरून काढतात. वरच्या १० सेंटिमीटरांत सुटू शकणारा फॉस्फरस चौरस मीटरला २ ग्रॅम निघाला तर दहापट, म्हणजे २० ग्रॅम ॲल्युमिनियम. १० हेक्टरांना २ टन ॲल्युमिनियम, सुमारे २२ टन ॲलम. ३ मीटर पाण्यात ही लिटरला ७३ मिलिग्रॅम होते, आणि दर मिलिग्रॅम ॲलम अर्धा मिलिग्रॅम अल्कता (आम्ल शोषून सामू टिकवण्याची पाण्याची क्षमता) खाते. म्हणजे ३७ मिलिग्रॅम अल्कता खर्च. तळ्याची अल्कता १०० असेल तर ठीक. ३० असेल तर सामू ६ च्या खाली घसरून ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना मारक होईल. मग सोडियम ॲल्युमिनेट जोडीला घ्यावे लागते किंवा मात्रा हप्त्यांत द्यावी लागते. सामू ९ च्या वर असतानाही टाकू नये, बसलेले ॲल्युमिनियम पुन्हा विरघळते. म्हणून शैवाल भरात असताना, दुपारी, कधीच नाही. थर पडणाऱ्या खोल तळ्यांत परिणाम दहा-वीस वर्षे टिकतो, उथळ तळ्यांत पाचेक, आणि गाळ उकरणारे कार्पसारखे मासे असतील तर त्याहून कमी. लँथनम मिसळलेली बेंटोनाइट माती अल्कता खात नाही, पण १ किलो फॉस्फरसला १०० किलो लागते. यातले काहीही नाला चालू असताना केले तर नवा गाळ त्यावर बसून एक-दोन वर्षांत पैसे वाया.

उथळ तळ्याबाबत आणखी एक सांगायचे ते पाण्याखालच्या वनस्पतींविषयी. मध्यम पोषणाचे उथळ तळे दोन अवस्थांत स्थिर राहू शकते : वनस्पतींनी भरलेले नितळ किंवा शैवालाने भरलेले गढूळ. वनस्पती गाळ धरून ठेवतात, पाणकिड्यांना माशांपासून लपायला जागा देतात, शैवालाच्या वाट्याचे अन्न घेतात. सुशोभीकरणात त्या सरसकट उपटल्या, काठ दगडांनी बांधून काढला, की फॉस्फरस तितकाच असूनही नितळ तळे गढूळ अवस्थेत कोलमडते, आणि परत यायला फॉस्फरस पूर्वीपेक्षा बराच खाली न्यावा लागतो. मोकळ्या पाण्यासाठी वाटा कापाव्यात, उरलेल्या राहू द्याव्यात. शैवाल खाणारे पाणकिडे वाढावेत म्हणून लहान मासे काढण्याचा उपाय थंड प्रदेशात काही काळ चालतो. उष्ण पाण्यात मासे वर्षभर वितात आणि महिन्या-दोन महिन्यांत पोकळी भरून निघते.

तेव्हा पुढच्या वेळी तलावाची योजना जाहीर झाली की आपल्या वार्ताहरांनी हे आकडे मागावेत : एकूण फॉस्फरस, मायक्रोग्रॅममध्ये, निदान एका वर्षाच्या सर्व ऋतूंतला, प्रत्येक नाल्याचा भार, किलोत, गाळातला सुटू शकणारा फॉस्फरस, चौरस मीटरला ग्रॅममध्ये, पाण्याचा मुक्काम, वर्षांत, आणि योजनेने यातला कोणता आकडा किती खाली येणार. मुदतही विचारावी. बाहेरचा भार कमी केलेल्या ३५ सरोवरांच्या एका पाहणीत, २००५ मध्ये, असे दिसले की गाळाचा साठा ओसरून फॉस्फरस नव्या पातळीला यायला बहुतेक ठिकाणी १० ते १५ वर्षे लागली. एका उन्हाळ्यात तळे निळे करून दाखवण्याचे आश्वासन ज्या निविदेत असेल, तिच्यात पाण्याला निळा रंग देणारे रसायन घालायचे आहे का, हेही वाचून घ्यावे. तसे रसायन खरोखरच मिळते.

आपले,
तलावांच्या पाण्याचे व गाळाचे पृथक्करण करणारे काही अभ्यासक